उघड्यावरचा निरोप समारंभ : काही व्यवहारी विचार

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा निरोप समारंभ म्हटला की पहिला वाद रंगतो तो गोड पदार्थाचा. बासुंदी की गुलाबजाम, यावर दोन-दोन बैठका होतात. वस्तुतः कर्जतसारख्या गावी पन्नास-साठ जणांचा कार्यक्रम उघड्यावर करावयाचा तर आधी ऊन, वारा, पाणी आणि वर्गणी यांचा विचार करावा. पक्वान्न त्यातून आपोआप ठरते. 'कर्जत' म्हटल्यावर परगावच्या माणसास रायगड जिल्ह्यातील धो धो पावसाचे कर्जत आठवते. आपले कर्जत अहिल्यानगरचे, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरचे, पर्जन्यछायेतले. रेहेकुरीच्या माळावर काळवीट रमते ते येथील कोरडे गवताळ रान पाहूनच.

समारंभ बहुधा परीक्षेपूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. मार्चच्या मध्यास सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. म्हणून पाचला भाषणे आणि सहाला पंगत, असा क्रम ठेवावा. जेवण उजेडी आटोपले म्हणजे विजेचा भरवसा धरावा लागत नाही. पाण्याचा हिशेब सोपा आहे : पिणे, हात धुणे व भांडी मिळून माणशी तीन-साडेतीन लिटर धरले, तर साठ जणांना दोनशे लिटरांचे एक पिंप लागते. ते कोण भरणार, हे आदल्या दिवशी ठरलेले असावे.

आता पक्वान्न. बासुंदी रुचकर खरी, पण ती दुपारी आटवून मोठ्या पातेल्यात ठेवली तर तासन्‌तास कोमट राहते, आणि कोमट दूध म्हणजे जंतूंचे माहेरघर. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून दुधात जाणारे काही जंतू असे विष तयार करतात की पुन्हा उकळूनही ते नाहीसे होत नाही. 'उकळी आणली की झाले' ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. खव्याच्या मिठाईचेही तेच. त्यापेक्षा श्रीखंड बरे. दह्याचा आंबटपणा आणि भरपूर साखर यांमुळे बहुतेक जंतूंची वाढ खुंटते. तासन्‌तास जळण जाळावे लागत नाही ते वेगळेच. माणशी शंभर ग्रॅम धरल्यास सहा किलो श्रीखंड हवे. त्यास सव्वातीन किलो चक्का आणि पावणेतीन किलो साखर लागते. म्हशीचे दूध दहा लिटरांच्या आसपास. दही रात्रभर पंचात टांगावे, तेही थंड जागी. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात मात्र काही करू नये, श्रीखंड कळकते. पातेल्याभोवती ओले फडके गुंडाळून ते सावलीत ठेवावे आणि पंगत बसल्यावरच वाढावयास काढावे. वाढणाऱ्याच्या बोटास जखम असेल तर त्यास पाणी वाढण्याचे काम द्यावे!

सजावटीवर फार पैसा घालवू नये. थर्माकोलची अक्षरे कापण्याची हौस पूर्वी फार होती. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, हे एका परीने बरेच झाले. कुकडीच्या कालव्याखालील ऊस दाराशी बांधावा, आंब्याचे डहाळे व झेंडू यांचे तोरण करावे, व्यासपीठामागे घरोघरची जुनी नऊवारी लुगडी ताणावी. सायंकाळी माळावरून वारा सुटतो. कागदी पताका त्यात टिकत नाहीत आणि समया तर मुळीच नाहीत.

राहिली वर्गणी, आणि खरी अडचण तीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये नगरच्या दक्षिण भागातील कित्येक घरांतील माणसे ऊसतोडीवर असतात. अशा घरातील मुलगा वा मुलगी ठरावीक रक्कम देऊ न शकल्यामुळे समारंभास येत नाही, कारण मात्र 'गावी काम आहे' असे सांगते. तीन वर्षे एका बाकावर बसलेल्याने शेवटच्या दिवशी असे दूर राहावे, यापरता करंटेपणा कोणता? म्हणून रक्कम ठरवूच नये. बंद पेटी फिरवावी. कोणी किती टाकले ते कोणी पाहू नये, देणगीदारांची यादी फळ्यावर लावू नये. कोणी दूध आणील, कोणी ऊस, कोणी आईच्या हातच्या पुऱ्या. ज्यास काही आणणे जमत नाही त्याने पिंप भरावे. पेटीत जमेल तेवढ्यातच खर्च भागवावा. रक्कम फारच कमी जमली तर श्रीखंडाऐवजी शेंगदाण्याचे लाडू करावेत. ते आधी दोन दिवस करून ठेवता येतात, उन्हाने बिघडत नाहीत, आणि त्यांना वाटीही लागत नाही.