लग्नाची फोटोग्राफी : धंद्याची सुरुवात आणि कॅमेऱ्याची निवड

अमरावती, अकोला, अचलपूर-परतवाडा, बाळापूर, मूर्तिजापूर या आपल्या वऱ्हाडी पट्ट्यात लग्नसराई आली की फोटोग्राफरला उसंत नसते. दुकानाचे भाडे नाही, मोठी पदवी लागत नाही, म्हणून समाजातील पुष्कळ तरुण या धंद्याकडे वळतात. छायाचित्रणाच्या प्रश्नावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. ज्यांनी या धंद्यात उतरायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी आज आम्ही काही माहिती देत आहोत.

या धंद्याची मुख्य गोष्ट अशी की निकाह दुसऱ्यांदा होत नाही. फोटो बिघडले तर ते भरून देता येत नाहीत. घरचे लोक पैसे देतात ते भरवशाचे. म्हणून भांडवल आधी भरवसा वाढवणाऱ्या वस्तूंवर लावावे, मॉडेलच्या नवेपणावर नंतर.

पहिला सीझन उमेदवारीचा

कॅमेरा घेण्याआधी एक सीझन जाणत्या फोटोग्राफरच्या हाताखाली काम करावे. लाइट धरावा, बॅटऱ्या सांभाळाव्या आणि कार्यक्रमाचा क्रम शिकून घ्यावा. निकाहात वकील व साक्षीदार वधूची संमती घेतात, काझीसाहेब खुतबा पढतात, ईजाब-कबूल, निकाहनाम्यावर सह्या, दुआ आणि छुहारे. हे सारे थोड्या मिनिटांत आटोपते. सहीच्या वेळी तुम्ही बॅटरी बदलत असाल तर तो फोटो गेला.

केवळ आपल्या समाजाच्या लग्नांवर वर्षभराचा धंदा चालत नाही. रमजानमध्ये निकाह क्वचितच होतात, मोहरममध्येही अनेक घरे टाळतात. म्हणून हिंदू लग्नातील अंतरपाट, मंगलाष्टके व सप्तपदी, आणि बौद्ध विवाहातील त्रिशरण-पंचशील यांचाही क्रम माहीत असावा. अंतरपाट खाली येतो तो क्षण एकच असतो, तेव्हा कुठे उभे राहायचे हे आधीच ठरवावे लागते.

लेन्स आधी, बॉडी नंतर

नवशिके सर्व पैसे बॉडीवर घालतात व लेन्स सोबत मिळेल ती वापरतात. येथेच नुकसान होते. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात किंवा वधूच्या लहानशा खोलीत हा फरक लगेच दिसतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्सची चौकट अरुंद होते, खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. अशा कॅमेऱ्यासाठी ३५ एमएम एफ १.८ पहिली घ्यावी.

बॉडी घेताना दोन कार्ड बसण्याची सोय पाहावी. एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर फोटो असतात. नवे ते चांगलेच असे येथे समजू नये. निकॉनच्या २०१५ च्या डी ७२०० मध्ये दोन कार्डांची जागा आहे, २०१७ च्या डी ७५०० मध्ये एकाचीच. २०१८ पासून कॅनन व निकॉन या दोन्ही कंपन्या मोठ्या सेन्सरच्या मिररलेसकडे वळल्या आहेत, त्यामुळे जुने डीएसएलआर बाजारात बरेच येतात. नवशिक्याला ते पुरेसे आहेत. पुढे मिररलेस घेतला तरी कंपनीचा अडॅप्टर लावून बहुतेक लेन्सा चालतात. मात्र निकॉनच्या स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या लेन्सांचा ऑटोफोकस एफटीझेड अडॅप्टरवर चालत नाही, हे घेताना विचारावे.

जुना कॅमेरा घेताना चार गोष्टी तपासाव्या. एक, मूळ बिल व त्यावरील नंबर. बिल नसलेला माल चोरीचा निघू शकतो, तो स्वस्त असला तरी घेऊ नये. दोन, शटर किती वेळा चालले. डी ७२०० चे शटर दीड लाख वेळांपर्यंत तपासलेले आहे. तीन, लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे आहे काय ते पाहावे. चार, दोन्ही कार्डांवर फोटो काढून ते संगणकावर उघडून पाहावेत.

आमच्या मते हाती असलेल्या दहा रुपयांची वाटणी अशी असावी : बॉडी चार, लेन्स दोन, फ्लॅश एक, जादा कार्डे व बॅटऱ्या एक, आणि फोटो साठवण्याच्या हार्ड डिस्क दोन. दुसरी बॉडी पहिल्या वर्षी भाड्याने घ्यावी, पण तिच्याविना लग्नाला जाऊ नये.

वऱ्हाडातील अडचणी

बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कॅमेरा बंद गाडीत ठेवू नये, पांढऱ्या सुती कापडाखाली ठेवावा. लांब व्हिडिओ घेताना कॅमेरा तापून बंद पडू शकतो, त्यामुळे मध्ये विसावा द्यावा.

मांडवाचे कापड लाल असेल तर वर मारलेला फ्लॅश चेहऱ्यावर लाली आणतो. तेथे पांढरे कार्ड किंवा छत्री वापरावी. एलईडी दिव्यांमुळे फोटोत काळे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणावे. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० असल्याने या वेगावर पट्टे बहुधा जातात.

फोटो ही अमानत आहे

रॉ प्रकारचा एक फोटो साधारण २५ ते ३० एमबीचा होतो. दीड हजार फोटो म्हणजे सुमारे ४० जीबी. त्याच रात्री तीन प्रती कराव्या, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवावी. प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

जनानखान्यातील फोटोंबाबत अधिक जपावे लागते. अनेक घरे तेथे स्त्री फोटोग्राफरच मागतात, आणि अशा मुली कमी मिळतात. आपल्या शिकलेल्या मुलींना येथे इज्जतीचे काम आहे. पण कार्ड पुढे भावाकडे किंवा पुरुष कारागिराकडे गेले तर पर्द्याचा अर्थ काय राहिला? निवड आणि दुरुस्तीही त्या मुलीनेच करावी, आणि अल्बम कोणत्या लॅबमध्ये छापणार हे घरच्यांना आधी सांगावे.

कायदाही माहीत असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. आपल्या जाहिरातीसाठी वधूचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा तर घरच्यांची लेखी परवानगी घ्यावी.

पैशाचा व्यवहार

व्याजाच्या हप्त्यावर कॅमेरा घेऊ नये. लग्नसराई संपली तरी हप्ता थांबत नाही. मुजारबतचा मार्ग चांगला आहे : एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या हिश्श्याने. हलगर्जी नसताना तोटा आला तर रक्कम भांडवल देणाऱ्याची जाते आणि दुसऱ्याची मेहनत. हे सारे कागदावर असावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. ग्राहकाशीही तारीख, तास, फोटोंची संख्या, बयाणा आणि अल्बम देण्याची मुदत लिहून घ्यावी. सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

मोहल्ल्यातील एका लग्नाचा अल्बम वेळेवर पोहोचला आणि घरातील एकही फोटो बाहेर गेला नाही, तर पुढची दोन लग्ने त्याच घरातून मिळतात. अल्लाह आमच्या तरुणांच्या हलाल मेहनतीत बरकत देवो.