कोंबड्यांचा बर्ड फ्ल्यू : मरतुकीची वर्दी वेळेवर देणे का आवश्यक आहे

खुराड्यात एका रात्रीत दहावीस कोंबड्या मेलेल्या आढळल्या, की बहुतेक पक्षिपालक ती मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, असे समजून चालतात. ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. राणीखेत व बर्ड फ्ल्यू या दोन्ही रोगांत पक्षी मरगळतात, हिरवट पातळ हगवण लागते, श्वास घेताना घरघर होते, अंडी एकाएकी घटतात आणि मरतुकही मोठी असते. (१९१८ सालच्या माणसांतील इन्फ्ल्युएन्झाच्या साथीलाही महाराष्ट्रात मानमोडीच म्हणत, बर्ड फ्ल्यू हाही इन्फ्ल्युएन्झाच्याच कुळातील विकार होय.) परंतु या साम्यामुळेच पहिले मोलाचे दिवस वाया जातात.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ साली हेच घडले. तेथील कुक्कुटपालन केंद्रांवर कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा प्रथम ती राणीखेतची साथ मानली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूचे निदान केल्यावर १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील बर्ड फ्ल्यूचा पहिला उद्रेक जाहीर झाला. बाधित केंद्रांभोवतीच्या ३ किलोमीटर परिसरातील निरोगी दिसणारे पक्षीही मारावे लागले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात परसातील कोंबड्यांत रोग आढळला. लोकांनी कोंबडी व अंडी खाणे सोडले, भाव कोसळले, आणि ज्यांच्या केंद्रावर एकही पक्षी आजारी नव्हता असे पक्षिपालकही त्यात भरडले गेले. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या, व पुढील महिन्यात नवापुरास रोगाने पुन्हा गाठले.

केवळ डोळ्यांनी पाहून या दोन रोगांतील भेद निश्चित सांगता येत नाही. पशुवैद्यासही तो प्रयोगशाळेवाचून सांगता येत नाही. तथापि संशय बळावावा अशा काही खुणा आहेत. तुरा व गळ्याखालील लोंबती कातडी निळसर पडणे, डोके व पापण्या सुजणे, पायांच्या नडग्यांवर तांबडे डाग दिसणे, मऊ कवचाची अंडी पडणे या त्या खुणा होत. कित्येकदा यांपैकी काहीच न दिसता पक्षी पटापट मरतात. राणीखेतची लस वेळेवर दिली असूनही कळपात मरतुक वाढली, किंवा त्याच सुमारास गावातील कावळे वा तळ्यावरील बदके मरू लागली, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

वर्दी देण्यास पक्षिपालक कचरतो, याचे कारण उघड आहे. वर्दी दिली की सर्व पक्षी मारले जातील, ही त्याची भीती होय. ती खरी आहे, हे ग्रामसेवकाने त्याच्यापासून लपवू नये. पण हिशेबाची दुसरी बाजूही त्यास समजावून द्यावी. नुकसानभरपाई मिळते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची व नष्ट केलेल्या अंडी-खाद्याची. त्याआधी रोगाने मेलेल्या पक्ष्यांची नाही. २०२१ साली महाराष्ट्रात आठ आठवड्यांवरील अंड्यांच्या कोंबडीस ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसल पक्ष्यास ७० रुपये व अंड्यास ३ रुपये असा दर होता. ५,००० अंड्यांच्या कोंबड्या असणाऱ्याने आठवडाभर गप्प राहून २,००० पक्षी मरू दिले, तर त्या दराने १,८०,००० रुपयांची भरपाई त्याने आपल्या हातानेच घालविली असे होते. ही भरपाई बाजारभावाइतकी नसते, हे मान्य केलेच पाहिजे.

शिवाय प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये अशा संशयाची माहिती ग्रामपंचायतीस किंवा गावच्या अधिकाऱ्यास देणे मालकाचे कर्तव्य आहे. गावच्या कार्यकर्त्याने ती लेखी स्वरूपात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे त्याच दिवशी धाडावी.

पशुवैद्य येईपर्यंत केंद्रातून एकही पक्षी, अंडे, खत वा खाद्याचे पोते बाहेर जाऊ देऊ नये. रोग वाऱ्यापेक्षा माणसांच्या पायांनी अधिक हिंडतो. अंड्यांचे ट्रे, पिंजरे, गाडीची चाके, मजुरांची पादत्राणे ही त्याची वाहने. मजुराच्या घरी परसात कोंबड्या असतील तर त्याने दोन्हीकडे ये-जा करू नये. मेलेला पक्षी कापून पाहू नये, नाल्यात वा उकिरड्यावर फेकू नये. हात लावणे भागच पडले तर हातमोजे घालावेत व नाक-तोंड झाकावे, कारण हा रोग क्वचित माणसासही होतो. २०२१ साली हरियाणातील एका मुलाचा त्याने मृत्यू झाला.

परसातील कोंबड्यांबाबत अधिक सावध राहिले पाहिजे. चार कोंबड्या मेल्या की उरलेल्या आठवडी बाजारात विकून टाकण्याची, किंवा पाहुण्याच्या गावी पोचविण्याची रीत सर्वत्र आहे. घरच्या माणसास ती काटकसर वाटते, पण तीमुळे रोग एका बाजारात चार गावांना वाटला जातो.

निदान पक्के झाल्यावर, २०२१ च्या कृती आराखड्याप्रमाणे, १ किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र व १० किलोमीटरपर्यंतचा भाग निगराणी क्षेत्र म्हणून घोषित होतो. बाधित क्षेत्रातील पक्षी मारून खोल खड्ड्यात चुन्यासह पुरले जातात. नंतर खुराडी धुऊन निर्जंतुक करतात व पुन्हा पुन्हा नमुने तपासतात. ते निर्दोष ठरून लेखी परवानगी मिळेपर्यंत नवी पिले आणू नयेत. निगराणी क्षेत्राबाहेरील निरोगी कोंबडीचे मांस व अंडी ७० अंश सेल्सियसपर्यंत आतून शिजविल्यास विषाणू उरत नाही. ही गोष्ट गावोगाव सांगितल्यास निष्कारण भाव पडणे पुष्कळ अंशी टळेल.