माणसाची व्याख्या

हत्तीचे बळ, हरणाचा वेग व घारीची दृष्टी आपल्यापाशी नाही, हे माणूस मोकळेपणाने कबूल करतो. परंतु अवजार घडविण्याची विद्या एकट्या आपल्यालाच साधली आहे, असा त्याचा फार दिवसांचा समज होता. ‘अवजार घडविणारा प्राणी’ अशीच मनुष्याची व्याख्या अनेक विद्वान करीत असत.

या समजाला १९६० साली जेन गुडॉल या इंग्रज तरुणीने धक्का दिला. त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते; विद्यापीठाची पदवीही त्यांच्यापाशी नव्हती. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या काठी गोंबे नावाचे अरण्य आहे. तेथील चिंपांझी वानरांचा अभ्यास करण्यासाठी त्या गेल्या. प्रारंभी माणसाची चाहूल लागताच वानरे पळून जात. तरीही गुडॉल निराश झाल्या नाहीत. टेकडीवर बसून दुर्बिणीतून त्या शांतपणे पाहत राहिल्या.

एके दिवशी त्यांना एक नर चिंपांझी वाळवीच्या वारुळापाशी बसलेला दिसला. त्याने गवताची काडी वारुळाच्या छिद्रात घातली व थोड्या वेळाने हलकेच बाहेर काढली. काडीला चावून धरलेली वाळवी त्याने ओठांनी टिपून खाल्ली. पुढे तर चिंपांझी डहाळी तोडून, तिची पाने ओरबाडून, हवी तशी काडी तयार करतात, असेही आढळले. हे अवजार घडविणेच नव्हे काय?

ही वार्ता त्यांनी आपले मार्गदर्शक लुई लीकी यांस कळविली. आता एक तर अवजाराची व्याख्या बदलावी, नाही तर माणसाची बदलावी, किंवा चिंपांझींना माणसांत गणावे, असा अभिप्राय लीकी यांनी दिला. पुढे २००२ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे बेटी नावाच्या कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि त्याने नळीतील खाऊची लहानशी बादली वर ओढून काढली!

यामुळे माणसाचा मोठेपणा कमी झाला काय? मुळीच नाही. डोळ्यांपुढे पुरावा येताच त्याने स्वतःविषयीची आवडती समजूत सोडून दिली. बुद्धीचे याहून चांगले लक्षण कोणते? मात्र ज्यांना आपण केवळ पशू म्हणतो, त्यांची अरण्ये तोडण्यापूर्वी त्याने हा धडा आठवावयास हवा.