चित्रकाराच्या शैलीविषयी भाच्यास पत्र

मु. पो. मोहोळ, जि. सोलापूर



चित्रकलेचे शिक्षण संपवून व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या तरुणापुढे जो प्रश्न हमखास उभा राहतो, तोच चिरंजीवाच्या मागील पत्रात आला आहे: स्वतःची वेगळी शैली आताच ठरवून घ्यावी काय, आणि एकच विषय धरून त्यात नाव करावे काय? गडद निळ्या पार्श्वभूमीवर लांबट मानेचे, नाक-डोळे नसलेले वारकरी काढलेली मालिका पुण्याच्या प्रदर्शनात विकली गेली, तशाच आणखी चित्रांची मागणी आली आणि जाणकारांनी आता हात बदलू नये असा सल्ला दिला, हे वाचून घरात सर्वांना आनंद झाला. तरीही त्या सल्ल्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली दिसते, आणि ती वेळीच सोडवलेली बरी.

शैली म्हणजे कलावंताची पाहण्याची, विचार करण्याची आणि साधन हाताळण्याची अशी एकजीव रीत, जी विषय बदलला तरी टिकून राहते. लकब ही त्या रीतीची बाहेरून दिसणारी खूण असते, आणि ती कोणालाही उचलता येते. ओळख तिसरीच, ती बाजार देतो, कारण दालनात शिरताच चित्र कोणाचे हे सांगता आले की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो. लांबट मान ही लकब आहे. वारकऱ्याच्या जागी एसटीच्या थांब्यावर पेंगणारा माणूस घेतला, किंवा माणूसच नसलेली सीना नदीकाठची बाभूळ घेतली, तर त्या चित्रांत चिरंजीवाचे म्हणून जे शिल्लक राहील तेवढेच शैलीच्या खात्यावर जमा धरावे.

शैली कशी घडते हे पाहण्यास याच जिल्ह्यातील उदाहरण प्रथम घ्यावे. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर राम जोशी हे सोलापूरचे. विद्वान ब्राह्मण घराण्यातला हा तरुण तमाशाच्या फडात रमला म्हणून थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले, पुढे पंढरपुरात बाबा पाध्ये यांच्याकडे त्याने संस्कृत विद्येचा अभ्यास केला, कीर्तनेही केली आणि लावणीही सोडली नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. त्यांच्या लावणीत संस्कृतप्रचुर शब्दकळा आणि अनुप्रास, म्हणजे एकाच वर्णाची नादमधुर पुनरावृत्ती, ही ढोलकीच्या ठेक्यावर अशी बसते की शास्त्री आणि फडकरी या दोघांनाही ती आपली वाटावी. इतर शाहिरांपेक्षा निराळे दिसावे म्हणून केलेली ही युक्ती नव्हे. पाठशाळा आणि फड ही दोन्ही ठिकाणे त्यांनी मनापासून जगली होती, आणि एकासाठी दुसरे टाकून देण्यास ते राजी नव्हते, एवढेच त्या वेगळेपणाचे मूळ आहे. फडात रमल्याबद्दल घर सोडावे लागले असताना हे किती धाडसाचे होते याचा विचार करावा.

दुसरे उदाहरण संगीतातले असून ते चिरंजीवाच्या स्थितीला अधिक लागू पडते. कुमार गंधर्व, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, यांचा जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळ सुळेभावी येथे झाला. ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गवयांचे गाणे हुबेहूब म्हणून दाखवणारा बालगायक म्हणून त्यांची इतकी ख्याती झाली की त्या वयातच ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली. म्हणजे बाजाराने दिलेली ओळख त्यांच्या हाती लहानपणीच आली होती आणि त्या नकलेवर पुढची कित्येक वर्षे सहज निघाली असती. तसे न करता त्यांनी मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे रीतसर तालीम घेतली. देवधरांची दृष्टी एका घराण्यापुरती नव्हती. घराणे म्हणजे आवाज लावण्याची, राग मांडण्याची आणि लय सांभाळण्याची गुरुपरंपरेने आलेली शिस्त, आणि अशा अनेक शिस्ती देवधरांच्या विद्यालयात ऐकायला मिळत. १९४७ मध्ये कुमारांना क्षयाने गाठले, १९४८ मध्ये ते माळव्यातील देवासला राहावयास गेले आणि पुढची काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. त्या सक्तीच्या मौनात आसपासच्या बायकांची लोकगीते त्यांनी कान देऊन ऐकली, लिहून घेतली, रागांची बीजे या धुनांत कशी असतात याचा शोध घेतला आणि त्यातून नवे राग बांधले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह त्या साधनेची साक्ष आहे. आजारानंतरच्या गाण्यातले ते छोटे, धारदार स्वरसमूह आणि त्यांच्यामध्ये सोडलेली शांतता यांना आज त्यांची शैली म्हटले जाते. दुबळ्या झालेल्या फुफ्फुसाला झेपेल असे गाणे शोधणे आणि कानावर नव्याने पडलेल्या धुनांशी प्रामाणिक राहणे, या दोन गरजांपोटी ती घडली, असे म्हटले जाते. दुखण्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच की ऐकणे आधी झाले आणि वेगळेपण मागाहून आले.

चित्रकलेत प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची वाटचाल या दृष्टीने बारकाईने अभ्यासावी. जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर ते विणकर सेवा केंद्रात नोकरीस लागले आणि बनारसच्या वास्तव्यात त्यांना तंत्रपरंपरेतील आकृतींचे आकर्षण वाटले. तंत्र म्हणजे यंत्र, मंत्र आणि चिन्हे यांच्या आधारे चाललेली उपासनापद्धती. तिच्यावर आधारलेल्या चित्रांना त्या काळी देशात आणि परदेशातही मोठी मागणी होती. बरवे यांनी त्या प्रतिमा वापरल्या, पण त्यांत मुक्काम केला नाही. पुढे त्यांनी गुळगुळीत एनॅमल रंगात घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात ठेवल्या आणि वस्तू व तिच्याभोवतीची रिकामी जागा यांचे नाते काय, या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चिरंजीवाकडे नसेल तर अवश्य मिळवावे. चालू असलेले नाणे खिशातून काढून ठेवण्याचे बळ कोठून येते, हे त्यातून उमजेल.

यावर कोणी चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा दाखला देईल, की ते तर आयुष्यभर एकाच वाटेने गेले. दाखला खरा आहे, पण अपुरा आहे. आरंभी त्यांच्या चित्रांत मानवाकृती होत्या, लघुचित्रांचा आणि पॉल क्ले यांचा प्रभाव होता. वस्तुरूप गळून पडले ते पुढे. त्यानंतर रोलरने रंग पसरणे, तो खरवडणे आणि पुन्हा लावणे या संथ क्रियेत ते वर्षाला मोजकीच चित्रे करीत, आणि प्रत्येक चित्रात प्रश्न उघडाच राही. एका वाटेने जाण्यात दोष नाही. वाटेवर काही शोधायचे उरले आहे काय, हे पाहिले पाहिजे.

पोटाचा प्रश्न मात्र कमी लेखता येणार नाही. पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून दिवस काढले आणि त्यात कमीपणा मानला नाही. पुढे घोडा हीच त्यांची खूण ठरली, तरी त्यांनी चित्रपट केले, मदर तेरेसांवर मालिका केली आणि घोड्याला आपल्यावर स्वार होऊ दिले नाही. तेव्हा वारकऱ्यांच्या चित्रांची मागणी असेल तर ती खुशाल पुरवावी, दर नीट ठरवावा, आगाऊ रक्कम घ्यावी. परंतु आठवड्यातील ठरावीक दिवस त्या कामापासून राखून ठेवावेत आणि त्या दिवसांत निळा रंग पेटीबाहेर काढू नये.

राखलेल्या दिवसांत काय करावे, याचे उत्तर मोहोळच्या मातीतच आहे. येथील संशोधन केंद्राशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तो रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाण निवड पद्धतीने तयार झाला, म्हणजे स्थानिक मालदांडीच्या पिकातून चांगली कणसे वेचून, ती वेगळी पेरून, पुन्हा त्यांतून वेचून. वेचण्यासाठी आधी भरपूर पेरलेले असावे लागते, आणि चिरंजीवाच्या वयात पेरा थोडा पडला आहे. एकच बाभूळ घ्यावी आणि तिन्ही ऋतूंत, कोळशाने, शाईने, जलरंगाने ती काढीत राहावे. दुपारी तीनच्या उन्हात काळ्या रानावर पडलेली तिची विरळ सावली काळी नसते. तिच्यात जांभळा उतरतो आणि कडेला मातीचा तांबूसपणा चढतो, आणि हे कोणत्याही ठरीव रंगयोजनेत बसत नाही. जेथे हात सवयीने वळेल तेथे थांबून पुन्हा पाहावे. बऱ्याच वह्या भरल्यावर त्यांतील जी पाने कोणाचीही आठवण करून देत नाहीत, ती बाजूला काढावीत.

दिवाळीला गावी येताना त्या वह्या सोबत आणाव्यात, आणि फसलेली पाने फाडून टाकू नयेत. निवड करताना तीही समोर लागतील. प्रकृतीस जपावे.

इति आशीर्वाद.