पक्षी पाहून पोट भरतं का?

दहावीच्या निकालानंतर पालक विचारतात, "सर, हा दर रविवारी पहाटे दुर्बीण घेऊन हिप्परग्याच्या तलावावर जातो. जाऊ दे बापडा, पण पुढं याचं होणार काय?" प्रश्न रास्त आहे. सोलापूरकरांना उत्तरासाठी लांब जायला नको.

मारुती चितमपल्ली ५ नोव्हेंबर १९३२ रोजी याच शहरात जन्मले आणि १८ जून २०२५ रोजी इथंच गेले. मधला बराचसा काळ जंगलात. कोईमतूरच्या वन महाविद्यालयात शिकून ते वनखात्यात लागले. मग कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. पगार खात्याचा, वही मात्र स्वतःची. आदिवासींसोबत हिंडायचं, त्यांच्याकडचे शब्द आणि पक्ष्यांच्या सवयी रोजच्या रोज टिपायच्या. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हे शब्द आज आपण सहज वापरतो, ते त्यांनी रुळवले म्हणून. 'पक्षीकोश' निवृत्तीनंतर आला. २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पद्मश्री मिळाली तेव्हा वय ९२.

पालकांनी त्या पद्मश्रीकडे नको, पगाराकडे बघावं. नुसत्या मराठी लेखनावर घर चालत नाही, हे मी मुलांना तोंडावर सांगतो. पक्षी-सहलींचे मार्गदर्शकही कमावतात, पण तो हंगामी धंदा.

नोकरीच्या वाटा आहेत. वनरक्षक भरती, एमपीएससीतून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक, यूपीएससीतून भारतीय वन सेवा. या शेवटच्या वाटेवर एक खाच आहे, आणि ती बऱ्याच जणांना पदवीनंतर कळते: तिथं नुसती कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी चालत नाही. विज्ञान, कृषी, वनशास्त्र, पशुवैद्यक, अभियांत्रिकी असं काही हवं. म्हणजे निर्णय अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेतच होतो. वनशास्त्राची पदवी अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत मिळते. संशोधनाची ओढ असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, आणि १८८३ पासून चालत आलेली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस).

मुलांचा प्रश्न वेगळा असतो: "सर, यात जग फिरायला मिळतं का?" मिळतं, पण नंतर. तूर्त जगच इथं येतं. माळढोकासाठी नाव झालेल्या नान्नजच्या माळावर हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी उतरतात, त्यातले काही थेट कझाकस्तानाकडून. ते कुठल्या तारखेला दिसले, किती होते, हे तीन-चार वर्षं नेमानं टिपलेली वही कुठल्याही मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. त्यातली एक पहाट मुलासोबत नान्नजला काढा. आणि हो, गाडी लांब उभी करा, हॉर्न वाजवू नका.