मोगरा उडतो, चंदन उरतं

अत्तराची आवड मला लहानपणापासून आहे आणि त्यातही चंदनाच्या तेलावर उतरवलेल्या मोगऱ्याची विशेष. फूल आणि लाकूड यांची अशी जोडी दुसरी नाही. या अत्तरानं मला जे शिकवलं ते लिहितो.

१. कुपीला नाक लावून अत्तर पसंत करू नये. मनगटावर बोट फिरवावं, पैसे न देता दुकानाबाहेर पडावं आणि आपली कामं करावीत. पहिल्या काही मिनिटांत मोगरा हिरवट लागतो, त्यात देठाचा कडवटपणा असतो, चंदनाचा तर पत्ताच नसतो. अर्ध्या-पाऊण तासानं फूल उमलतं, गोड होतं, थोडं जडही. मग दुपार उलटता उलटता मोगरा मागे सरतो आणि सहाणेवर उगाळलेल्या खोडाचा तो दुधाळ, शांत वास वर येतो. अत्तर घ्यायचं की नाही, ते या तिसऱ्या टप्प्यावर ठरवावं.

२. हे अत्तर कसं बनतं ते कळलं की त्याची चाल कळते. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजची पद्धत अशी: तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालायचं, झाकणाच्या फटी मातीनं लिंपायच्या आणि खाली मंद जाळ ठेवायचा. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात जाते. भपका गार पाण्याच्या हौदात बसवलेला असतो आणि त्यात चंदनाचं तेल आधीच भरलेलं असतं. वाफ निवते, तिच्यातला सुगंध तेल धरून ठेवतं, पाणी तळाशी बसतं. ते पाणी काढून पुन्हा देगेत ओततात आणि दुसऱ्या दिवशी ताजी फुलं घालतात. तेल फुलानं पुरतं भरेपर्यंत हे चालू राहतं. म्हणजे इथे दोन वास नंतर एकत्र केलेले नसतात, मोगरा थेंबाथेंबानं चंदनातच मुरलेला असतो. जाळ सांभाळणाऱ्या कारागिराचा हात आणि कान (देगेच्या आवाजावरून आतलं कळतं म्हणे) यांचं मोल मला कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा जास्त वाटतं.

३. मोगऱ्यातले बेंझिल अ‍ॅसिटेट, लिनालूल हे घटक हलके, म्हणून लवकर उडतात. चंदनाच्या तेलात सर्वांत मोठा वाटा सँटॅलॉलचा, आणि ते जड, सावकाश उडणारं. ते हलक्या घटकांनाही धरून ठेवतं, म्हणून चंदनावरचा मोगरा टिकतो.

४. मद्यार्कातल्या परफ्यूमची चाल वेगळी. गर्लें कंपनीचं 'संसारा' हे 1989 सालचं परफ्यूम याच जोडीवर, जाई-चमेलीच्या कुळातलं फूल आणि चंदन यांवर उभं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. पण मद्यार्क झपाट्यानं उडतो आणि जाताना फूल सगळ्या खोलीत फेकतो. अत्तर अंगाजवळ राहतं. जवळ येणाऱ्यालाच ते कळतं आणि मला तेच हवं असतं.

५. तासाभरानं वास गेला असं वाटलं तरी पुन्हा लावू नका. नाक सरावलेलं असतं. घरातल्या कुणाला तरी विचारा.

६. दुकानदाराला एक प्रश्न विचारायलाच हवा: बेस कशाचा? चंदनाचं तेल झाडाच्या गाभ्यातून आणि मुळांतून मिळतं आणि गाभा भरायला वर्षानुवर्षं लागतात. बेसुमार तोडीमुळे चंदन 1998 पासून संकटग्रस्त झाडांच्या जागतिक यादीत आहे. भाव कडाडले, तशी चंदनाच्या जागी लिक्विड पॅराफिन आलं. त्यावरचा मोगरा सकाळी बरा लागतो, संध्याकाळी मनगटावर नुसता चिकटपणा राहतो. प्रामाणिक दुकानदार हे लपवत नाही.

७. रेशमी साडीवर, पांढऱ्या सदऱ्यावर थेट लावू नये, तेलाचा डाग जात नाही. कापसाचा फाया करून कानाच्या वरच्या घडीत ठेवायची जुनी रीत उत्तम.

८. मोठी स्वस्त बाटली घेण्यापेक्षा खऱ्या चंदनावरचं दोन-तीन मिलिलिटर अत्तर घ्या. मनगटाला एक बोट पुरतं, त्यामुळे तेवढी कुपीही पुष्कळ दिवस जाते आणि कन्नौजच्या भट्ट्यांवर अजूनही फुलं उतरवणाऱ्यांच्या हाती चार पैसे पडतात.