पाच स्टेशनांची सात कशी झाली?
(शेल स्क्रिप्टमधल्या याद्या आणि त्यांची मदतनीस फंक्शन्स)

शेल स्क्रिप्ट म्हणजे जर्नलपुरता विषय, व्हायवा झाला की विसरायचा, असा आपला समज असतो. माझाही होता. थर्ड इयरला रूमवरच्या मशीनमध्ये जागा संपली, म्हणून यादीतले जुने फोल्डर उडवणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. यादीत एक नाव होतं 'प्रोजेक्ट जुना'. शेलने त्याची दोन नावं केली आणि 'प्रोजेक्ट' हा चालू फोल्डर उडवला. तो माझ्या रूम पार्टनरचा होता आणि सबमिशनला चार दिवस उरले होते. दोघांनी रात्री जागून सगळं परत टाइप केलं.

चूक नेमकी कुठे झाली, ते आपल्या नेरळच्याच उदाहरणावरून बघू. 1907 साली सुरू झालेल्या माथेरानच्या मिनी ट्रेनची स्टेशनं पाच: नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, माथेरान. यातल्या दोन नावांत स्पेस आहे. गोची तिथेच आहे.

'मोज' नावाचं फंक्शन लिहा. त्याच्या आत एकच काम: $# छापणे, म्हणजे किती आर्ग्युमेंट्स आली तो आकडा. आता दुसऱ्या एका फंक्शनला ही पाच नावं, प्रत्येक नाव अवतरणात घालून द्या आणि त्याच्या आतून 'मोज'ला तीन प्रकारे बोलवा:

मोज $*     उत्तर 7
मोज "$*"   उत्तर 1
मोज "$@"   उत्तर 5

पहिल्या प्रकारात शेल प्रत्येक स्पेसवर तुकडे पाडतो, त्यामुळे 'वॉटर' वेगळं आणि 'पाईप' वेगळं. (अवतरण नसेल तर $@ सुद्धा हेच करतं.) दुसऱ्यात सगळ्यांची मिळून एकच ओळ होते. तिसऱ्यात जसं आलं तसंच पुढे जातं. आपल्याला जवळजवळ नेहमी तिसरा प्रकारच हवा असतो.

असं का? 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बोर्न शेल आला, तेव्हा त्यात अ‍ॅरे नव्हते. स्क्रिप्टला मिळालेली आर्ग्युमेंट्स हीच काय ती यादी. पुढे बॅशमध्ये अ‍ॅरे आले, पण तुकडे पाडण्याचा नियम तोच राहिला.

आता तीन मदतनीस फंक्शन्स. एकदा लिहून एका फाईलमध्ये ठेवा आणि हव्या त्या स्क्रिप्टमध्ये सोर्स करा.

1. प्रत्येक: पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे करायच्या कामाचं नाव. ते लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग शिफ्ट करा. उरलेल्या "$@" वर फॉर लूप चालवून एकेक नाव त्या कामाला द्या, अर्थात अवतरणातच.

2. चाळण: वरच्यासारखंच, फक्त कामाच्या जागी एखादी चाचणी द्या, उदा. 'हा फोल्डर आहे का?' चाचणी पास झाली तरच नाव छापा. सीची सवय असलेल्यांनी इथे सांभाळा: शेलमध्ये 0 म्हणजे यश, बाकी सगळं अपयश.

3. जोड: इथे "$*" कामाला येतं. आयएफएस हा व्हेरिएबल फंक्शनपुरता लोकल करून त्यात स्वल्पविराम ठेवा. मग "$*" छापलं की पाचही स्टेशनं स्वल्पविरामाने जोडून एका ओळीत मिळतात.

'प्रत्येक'चा खरा फायदा डिलीट करताना कळतो. आधी नाव चौकटी कंसात छापणारं 'छाप' हे फंक्शन लिहा आणि 'प्रत्येक'ला तेच काम म्हणून द्या. पडद्यावर [वॉटर पाईप] असं एकत्र दिसलं तर यादी बरोबर आहे. [वॉटर] आणि [पाईप] वेगवेगळ्या ओळींवर दिसले, तर तिथेच थांबा. खात्री पटल्यावरच 'छाप'च्या जागी आरएम टाका. माझ्या स्क्रिप्टमध्ये ही एक पायरी असती, तर [प्रोजेक्ट] ही ओळ आधीच नजरेला पडली असती.

आज रात्री 'मोज' लिहून तिन्ही प्रकार स्वतः चालवून बघा. मग आपल्या जुन्या स्क्रिप्ट उघडा आणि अवतरणाशिवाय राहिलेले $* आणि $@ शोधा. आणि हो, रूम पार्टनरच्या फोल्डरची एक कॉपी दुसरीकडे ठेवलेली बरी!